बाईसाहेब आणि शिशाचे खिळे

२ ऑगस्ट, शनिवार

शिसं! बाईसाहेबांच्या रक्तात शिसं निघालं.

सकाळीच मेरेआनाचा फोन. ती वनखात्याची रेंजर, आमच्या दरीतले सगळे किआ पोपट, बाईसाहेबांसकट, तिच्या ताब्यात — म्हणजे कागदावर. किआंना ते मान्य नाही. गेल्या आठवड्यात तिने माझ्याच व्हरांड्यात जाळं टाकून बाईसाहेबांना धरलं, थेंबभर रक्त काढून तपासायला पाठवलं. 'आंटी नोलीन, आकडा वाईट आहे,' म्हणाली. आणखी थोडं पोटात गेलं तर डोक्यात चढेल, मग उडता येणार नाही, मग संपलं.

कुठून येतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जुन्या पत्र्याच्या छपरांना शिशाच्या टोपीचे खिळे असतात. शिसं गोड लागतं म्हणे. मी चाखलेलं नाही. पण हे डोंगरी पोपट म्हणजे पोपटाच्या अंगात शिरलेली वांड पोरं, दिसेल ते चोचीने सोलायचं आणि चघळायचं.

अख्ख्या बेल क्रीकच्या दरीत अंडी घालणारी मादी आता ही एकटीच. दोन वर्षं तिची पिल्लं स्टोटने खाल्ली. मुंगसासारखं वीतभर जनावर, पण अख्खं घरटं साफ करतं. यंदा आम्ही डोंगरभर सापळे लावले तर आता हे.

संध्याकाळी हॉलमध्ये किआमित्र मंडळाची तातडीची सभा. व्हेरिटी अध्यक्ष, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही आणि तिला दुसरं काही होता येत नाही. ठराव झाला: गावातल्या प्रत्येक छपराचा प्रत्येक शिशाचा खिळा उपटायचा, त्या जागी स्टीलचे स्क्रू. दुसरा ठराव: किआंना कोणीही काहीही खायला घालायचं नाही. हा दर सभेत होतो. दोन्ही एकमताने. मग चहा. व्हेरिटीने भाजलेले स्कोन पाव नेहमीसारखे कोरडे.

३ ऑगस्ट

बाईसाहेब आल्या. रेलिंगवरून त्या तिरक्या चालीने, पायात निळं-पिवळं कडं, मान अशी की भाडं वसूल करायला आल्यात. माझ्या हातून चीजची साल खाली पडली.

पडली. दिली नाही.

९ ऑगस्ट

श्रमदानाचा पहिला दिवस. सुरुवात व्हेरिटीच्या छपरापासून, कारण अध्यक्षांनी आदर्श घालून द्यावा. ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं ठरलं होतं, त्यामुळे खायला सतरा प्रकार आणि पक्कड एक. हॉटेलवाला लॉर्न वर चढला, आणखी दोघं चढली, बाकीचे खालून कसं करायचं ते सांगत होतो.

किआ सगळे हजर. समोरच्या झाडावर रांगेत बसून बघत होते. दुपारी त्यांनी लॉर्नचा एक हातमोजा नेला, व्हेरिटीच्या गाडीच्या वायपरचं रबर नेलं आणि माझ्या फ्रूटकेकवरचा कागद नेला. केक मात्र राहिला. 'बघा, यांना अन्न नको असतं, खेळ हवा असतो,' असं व्हेरिटीने नव्या लोकांना समजावून सांगितलं. माझा केक गेली वीस वर्षं कोणीच खात नाही हे तिला माहीत आहे.

१७ ऑगस्ट

सगळं गाव तयार. एक माणूस सोडून.

शेजारचा क्लेम हॅड्रेल. रेल्वेत रूळ ठोकण्यात जन्म गेला, म्हणून ठोकलेलं उपटणं जिवावर येतं. त्याच्या-माझ्या घरात एक कुंपण आणि चाळीस वर्षांचं भांडण आहे. त्याची बायको ऊना होती तोवर ती मध्ये पडायची. ऊना जाऊन तीन वर्षं झाली, आता मध्ये नुसतं कुंपण.

व्हेरिटीने मला पाठवलं. म्हणाली, तुझं त्याच्याशी जमतं. जमतं म्हणजे आम्ही एकमेकांना शिव्या देतो, बाकीच्यांना तो तेवढंही देत नाही.

तो दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. 'हे छप्पर मी आणि ऊनाने घातलंय. मी वर, ती शिडी धरून खाली. आजवर थेंब गळला नाही. गळतंय ते तुमच्या मंडळाचं डोकं.'

मी म्हटलं, बाईसाहेब मेल्या तर तुझ्या दारात आणून टाकीन.

'टाक. पण आधी तिला विचार, तिला कोणाच्या दारात मरायचंय.'

माझा नुसता संताप झाला. घरी येऊन दोन कप चहा प्यायले तरी उतरेना.

१८ ऑगस्ट

क्लेमशी बोलणं बंद.

३० ऑगस्ट

चार दिवस पाऊस. आमच्या बाजूला पाऊस म्हणजे आकाशच फाटतं. आणि आज कळलं की नव्या स्क्रूंच्या खाली जी रबराची चकती असते ती किआंना शिशापेक्षा जास्त आवडते.

सगळ्या काढल्या. एकूण एक. बोटभर रबरासाठी व्हेरिटीच्या बेडरूममध्ये तीन बादल्या, लॉर्नच्या बारमध्ये बिलियर्डच्या टेबलावर ताडपत्री, माझ्या स्वयंपाकघरात थेट चुलीवर धार. पक्षी वाचवायला निघालो आणि गाव बुडालं. गावात एकच छप्पर कोरडं — क्लेमचं. तो व्हरांड्यात खुर्ची टाकून, पाय वर करून, दिवसभर आमची धावपळ बघत बसला होता. हातात मग. बोलला काहीच नाही. त्याचंच वाईट वाटलं.

तातडीची सभा. आता विनाचकतीचे स्क्रू आणि वरून डांबराचं लेपण. खर्च कोण करणार यावर व्हेरिटी आणि लॉर्न तासभर भांडले, मग कोरडे स्कोन.

संध्याकाळी बाईसाहेब एकदाच आल्या. चोचीत काळं रबर होतं. त्यांच्यासमोर लोण्याची बशी धुवायची राहिली माझी.

६ सप्टेंबर

क्लेम आला! हातात पक्कड, खांद्यावर शिडी. मी दार उघडलं तर म्हणाला, 'शिडी धर.' गेले तीन आठवडे बोलणं नव्हतं, आणि पहिला शब्द हा.

का, ते मी विचारलं नाही. त्याच्या छपरावर चढल्यावर त्यानेच सांगितलं, पाठमोरा राहून. काल बाईसाहेब त्याच्या छपरावर होत्या, चालता चालता घसरल्या. 'ती कधी घसरत नाही. बर्फावरसुद्धा नाही.' मग दिवसभर खिळे उपटत राहिला. प्रत्येक खिळा किंचाळून निघायचा. एकदा थांबला, एक खिळा नुसता हातात धरून बसला. ऊनाची आठवण आली असणार. मी खालून म्हटलं, 'मी धरलीय शिडी.' तो म्हणाला, 'तू धरतेस तशी धरलीयस. ती नीट धरायची.'

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात हल्ली.

२० सप्टेंबर

गाव शिसंमुक्त! व्हेरिटीने हॉलमध्ये टाळ्या वाजवून जाहीर केलं. उपटलेले सगळे खिळे एका जस्ताच्या टबात जमा आहेत. भंगारवाला महिनाभर तरी इकडे फिरकायचा नाही, त्याचा ट्रक दुरुस्तीला गेलाय.

तेव्हा मला कल्पना सुचली. स्वतःवर खूश आहे म्हणून सविस्तर लिहिते. ऑक्टोबरातल्या गावजत्रेत दरवर्षी आपण 'वजन ओळखा' लावतो — कधी केकचं, कधी कलिंगडाचं, एकदा लॉर्नच्या बोकडाचं, तो उभा राहीना. यंदा खिळ्यांच्या टबाचं लावू! बक्षीस डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम. लोकांना दिसेल मंडळाने किती विष उपसलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आतापासून दिसावा म्हणून टब हॉलच्या व्हरांड्यात मांडायचा.

व्हेरिटी म्हणाली, 'नोलीन, कधीकधी तू चकित करतेस.' हे कौतुक होतं असं धरून चालते.

लॉर्नने त्याच्या मांसाच्या काट्यावर वजन केलं आणि फक्त व्हेरिटीच्या कानात सांगितलं. क्लेम म्हणाला, वर झाकण टाका. मी म्हटलं, झाकण टाकलं तर लोकांनी काय झाकणाचं वजन ओळखायचं? कोंबड्यांची जाळी ताणून बसवली. गाठ मी स्वतः मारली, घट्ट.

२८ सप्टेंबर

बाईसाहेब सकाळी सकाळी हॉलच्या व्हरांड्यात येतात. टबाच्या काठावर बसतात. व्हेरिटीने फोटो काढला — पुढे बाईसाहेब, मागे खिळे. फार सुरेख आलाय. म्हणाली, जणू आभार मानायला आलीय. आता तोच जत्रेच्या पोस्टरवर.

१२ ऑक्टोबर

नदीत व्हाइटबेटची बारीक मासळी आलीय. क्लेमने डबाभर आणून दिली, मी अंड्यात घालून धिरडी केली, कुंपणावरून अर्धी त्याला दिली. 'मीठ विसरलीस,' म्हणाला. विसरले नव्हते.

दुपारी घाटातल्या गाडीतळावर आमची पाळी होती. मंडळाच्या पाट्या लावल्या: किआंना खाऊ घालू नका. क्राइस्टचर्चचं एक जोडपं चिप्स टाकत होतं, त्यांना मी असं झापलं की बाई रडायच्या बेतात आली. रानातल्या पक्ष्याला माणसाची चटक लागली की तो माणसाच्या मागे मागे येतो आणि मरतो, हे मी त्यांना पाच मिनिटं सांगितलं. क्लेम गाडीला टेकून ऐकत होता. तोंडावर काहीतरी होतं, हसू असेल.

घरी आल्यावर बेकनची चरबी गार व्हायला रेलिंगवर ठेवली. फ्रिजमध्ये जागा नव्हती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जत्रा. ऊन पडलं, म्हणजे कोणाच्या तरी पुण्याईने.

हॅमचा तमाशा झाला तो लिहायलाच हवा. टब लॉर्नच्या काट्यावर ठेवला तर भरलं साडेएकोणतीस किलो. व्हेरिटीचं तोंड उतरलं — महिन्यामागे तिच्या कानात सांगितलं होतं एकतीस! आता क्लेमने एकतीस ओळखलेलं, आणि लॉर्नच्या बायकोने साडेएकोणतीस. म्हणजे हॅम कोणाचं?

क्लेम म्हणाला, वजन तेव्हा केलं तेच खरं. लॉर्न म्हणाला, काट्यावर आत्ता दिसतं ते खरं. क्लेम म्हणाला, 'तुझा काटा तुझ्या बायकोला ओळखतो. बारमध्येही माप असंच देतोस.' मग जी जुंपली! सॉसेज करपले, कोणाचं लक्ष नाही. शेवटी व्हेरिटीने मार्ग काढला: खिळे तेव्हा ओले असतील, आता वाळले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर भांडलेसुद्धा, नियम असा हवा की तसा. लोखंड वाळून दीड किलो उतरतं यावर अख्खं गाव एकमत झालं आणि हॅम मधोमध कापून दिलं.

जाळीचा एक कोपरा वर आला होता. पोरांनी केलं असेल म्हणाली व्हेरिटी.

२६ ऑक्टोबर

चहाला पाणी ठेवताना एकदम लक्षात आलं. दीड किलो खिळे गेले कुठे?

तशीच गेले, स्लिपर घालून. हॉलच्या व्हरांड्याच्या फळ्यांखाली वाकून पाहिलं. खिळेच खिळे. पन्हळीत खिळे, पायरीखाली खिळे. आणि कशालाच टोपी नाही, सोललेले. जाळी पोरांनी उचकटलेली नव्हती. गाठ सोडवली होती, नीट, उलट्या क्रमाने. तंबूची चेन उघडणारा, गाडीची एरियल फिरवून काढणारा पक्षी. त्याच्यासमोर मी कोंबड्यांची जाळी लावली! सगळ्या गावाच्या छपरांवर विखुरलेलं विष गोळा केलं, टबात भरलं आणि पंगत मांडली.

आणि तो फोटो. पोस्टर अजून दारावर आहे.

टब आत ओढला, कुलूप घातलं. बाईसाहेब कुठे दिसल्या नाहीत. आठवून पाहिलं, गुरुवारपासून नाहीत.

२७ ऑक्टोबर

सापडल्या. क्लेमच्या लाकडांच्या खोपटात. तो कुंपणावरून हाका मारत होता, माझ्या नावाने, नुसतं नोलीन, नोलीन. मी धावले. कोपऱ्यात बसल्या होत्या, पंख पसरून, एक पाय मुडपलेला. पंखाखालचा तो केशरी रंग सगळा उघडा पडला होता. मान धरत नव्हती.

क्लेमने ऊनाचं लोकरीचं जाकीट आणलं. मी गुंडाळून उचललं. या पक्ष्याने माझी तीन बोटं फोडलीत आजवर, मेरेआनाचा अंगठा फोडलाय. आज चावली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

मेरेआना अर्ध्या वाटेवर येणार होती. क्लेमने गाडी चालवली, मी मांडीवर घेऊन बसले. वाटेत त्याला टबाचं सगळं सांगितलं. गाठ कोणाची तेही. घाट उतरल्यावर म्हणाला, 'माझं अर्धं हॅम मी परत देतो.'

तो गंभीरपणे म्हणत होता. आम्ही दोघंही हसलो नाही.

४ नोव्हेंबर

जिवंत आहे! शहरातल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात रोज दोन इंजेक्शनं. काल तिथल्या बाईला चावली. मेरेआनाने फोनवर ते सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण पुढचं ऐकून बसले. 'आंटी, शिसं कुठून आलं ते कळल्याशिवाय मी तिला तुमच्या दरीत सोडणार नाही. पंधरा तारखेला सभेला येते, तेव्हा बघू.'

गावाचा निकाल लागलाही: क्लेमचं छप्पर. शेवटी केलं, घाईत केलं. 'म्हातारा माणूस, नजर गेली असेल, त्याचा दोष नाही,' असं व्हेरिटी सगळ्यांना गोड आवाजात सांगत फिरते. क्लेमच्या कानावर गेलं. त्याला खरं माहीत आहे तरी तो गप्प. काल दुकानात लॉर्नच्या बायकोने त्याच्याकडे पाठ फिरवली, त्याने पाव घेतला आणि निघून आला. माझ्याकडे बघितलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर

टबाचं सांगायचं. ठरलं. टब गेला म्हणजे दरी स्वच्छ, बाईसाहेब घरी. नाव जाईल माझं, जाऊ दे.

चीजचं सांगायची गरज नाही. चीजमध्ये शिसं नसतं.

१५ नोव्हेंबर

आजचं आजच लिहिते.

हॉल भरलेला. मेरेआना पुढे टेबलाशी, समोर तिच्यासाठी खास मलईचा पाव्हलोव्हा केक. व्हेरिटीने क्लेमच्या छपरापासून सुरुवात केली तशी मी उठले. टब, जाळी, गाठ, फळ्यांखालचे खिळे — सगळं सांगितलं. लोखंड वाळत नाही हेही. सगळ्यांची नजर दाराकडे गेली, पोस्टरवर बाईसाहेब टबाच्या काठावर बसलेल्या. व्हेरिटी उठून गेली आणि पोस्टर काढून उलटं ठेवलं. क्लेम आपल्या बुटांकडे बघत होता.

मेरेआना रागावेल वाटलं होतं. उलट तिने श्वास सोडला. म्हणाली, कळलं ना, बस. टब गेला, प्रश्न संपला. पुढच्या आठवड्यात घरी आणते तिला. टाळ्या! लॉर्नने क्लेमच्या पाठीवर थाप मारली, जणू कधी काही झालंच नव्हतं.

मग तिने पाव्हलोव्हाचा घास घेता घेता सहज विचारलं. 'एक कळलं नाही. ती हॉलच्या व्हरांड्यात यायचीच कशाला? कोणी खायला तर घालत नाही ना?'

सगळे छताकडे बघायला लागले, जणू तिथे अजून खिळे आहेत. नाही म्हटलं की झालं. मीच सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. आणि मांडीवरची ती आठवली, चावत नसलेली.

'मी घालते,' म्हटलं. 'चीज. बेकनची चरबी. चार वर्षं झाली.'

सगळ्यांसमोर मी एकटी. महिन्यामागे ज्यांना पाट्या रंगवायला लावल्या त्यांच्यासमोर. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. क्लेम. 'मी पण. सकाळी पावाला मांसाची चरबी लावून. ऊना घालायची. ती गेल्यावर पक्षी येऊन वाट बघायचा, मग मी घालायला लागलो.'

लॉर्न म्हणाला, बारमागे चिप्सचा चुरा टाकतो, पण टाकतो म्हणजे फेकतो. बायकोने त्याला कोपर मारलं: शेंगदाणे पण सांग. मग पलीकडच्या रांगेतून एकेक जण उठायला लागला. दलिया. डुकराच्या पायाचं हाड. कोणी स्ट्रॉबेरी, त्याही देठ काढून. अख्खं मंडळ! प्रत्येकाला वाटत होतं की गावात आपण एकटेच पापी, आणि बाईसाहेब फक्त आपल्याकडेच येतात.

शेवटी सगळ्यांनी व्हेरिटीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. 'लोणी,' म्हणाली. 'फक्त रविवारी.' आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला ती पहिल्यांदा आवडली.

मेरेआनाने चमचा खाली ठेवला. आमच्यातल्या बहुतेकांच्या नातीच्या वयाची पोर, आम्हाला ओरडायचं कसं ते तिला कळेना. मग अगदी हळू म्हणाली, 'आंटी, अंकल, ती तुमच्या छपरांवर खिळे खायला येत नव्हती. तुमच्याकडे जेवायला येत होती. दार उघडेपर्यंत करायचं काय, म्हणून खिळे चघळत बसायची.'

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. छपरं उपटली, डांबर फासलं, आणि दुखणं आमच्या फ्रिजमध्ये.

ती इथे परत येणार नाही. मेरेआना तिला डोंगररांगेच्या पलीकडे सोडणार, जिथे घरं नाहीत. 'इथे आणली तर तुम्ही घालाल. आज नाही म्हणाल, आणि हिवाळ्यात ती काचेवर टकटक करेल तेव्हा घालाल.' यावर कोणी शपथ घ्यायला पुढे झालं नाही. तेवढा प्रामाणिकपणा होता.

१६ नोव्हेंबर

चीज फेकून दिलं. मग परत उचलून धुतलं. मी पण खाते ना.

३० नोव्हेंबर

सोडलं. मेरेआनाचा मेसेज आला, एकच शब्द: उडाली.

हॉलमध्ये जमलो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. व्हेरिटीचे स्कोन होते. कोरडे असावेत, मी बघितलं नाही. क्लेम म्हणाला, पलीकडे चांगलं जंगल आहे, रानफळं भरपूर, तो रेल्वेत असताना गेला होता. दोनदा सांगितलं त्याने. मी म्हटलं, हो रे बाबा, चांगलं आहे.

सकाळी उठल्यावर व्हरांड्यात जायची सवय सुटत नाही. रेलिंग रिकामं असतं. दरीत एक मादी होती, तीही आम्ही प्रेमाने घालवली.

१८ डिसेंबर

सकाळी काचेवर टकटक. निळं-पिवळं कडं. डोंगररांग ओलांडून आली. काचेला डोळा लावून आत बघत होती, मला ओळखून मान वाकडी केली.

मी फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसले. फोन वाजला. क्लेम. 'आलीय?' म्हटलं, आलीय. 'उघडू नकोस.' त्याचा आवाज फाटला होता. टकटक बराच वेळ चालली, मग बंद. मग तिचे पाय क्लेमच्या पत्र्यावर वाजले. मग पलीकडच्या. मग लॉर्नच्या बारवर, मग व्हेरिटीच्या छपरावर, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ. एका घराचं दार वाजलं नाही, एक खिडकी सरकली नाही. सगळं गाव आत होतं.

दुपारी ती एकदा ओरडली आणि कड्याच्या दिशेने परत गेली. मंडळाचा ठराव पहिल्यांदाच एकमताने पाळला गेला. केलेला चहा मी ओतून दिला.